प्रेमिलाबाईंचे मोठे उपकार

नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत सकाळी सगळ्यांत आधी आवाज येतो तो प्रेमिलाबाई पाटोळेंचा, आणि तो कुणा माणसाशी बोलत नसतो.

"उपकार रे देवा!" असं ऐकू आलं की शेजारपाजारच्यांनी समजायचं, नळाला पाणी आलं. दुसऱ्यांदा आलं की समजायचं, दूध उतू जाता जाता राहिलं. गॅसची टाकी संपली तरी उपकार, कारण संपली ती भात शिजल्यावर संपली. लाइट गेली तरी उपकार, कारण गेली तेव्हा मिक्सरमधली चटणी वाटून झाली होती. कपबशी फुटली तर क्षणभर शांतता, मग जरा पडक्या आवाजात, "बशी तर वाचली. उपकार रे देवा."

"आई, देवाले थोडं बसू दे वं," गुंजन आतून ओरडते. ती त्यांची एकुलती एक, अकरावीतली. "सकाळपासून उभा करून ठेवला तू त्याले."

"चूप! तो थकत नाही."

"तू थकवून राहिली ना त्याले."

नवरा प्रेमानंद या भांडणात पडत नाही. तो कूलरच्या मोटारींचं वाइंडिंग करतो आणि स्वतः कूलरच्या सगळ्यांत खालच्या स्पीडवर चालतो. काहीही विचारा, घुर्रर्र करून एकच उत्तर येतं, "होऊन जाईल." घराचा हप्ता? होऊन जाईल. मोरीचा तुंबलेला पाइप? होऊन जाईल. लग्नाच्या दिवशी पाळकसाहेबांनी वेदीपुढे विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला, असं गुंजन सगळ्यांना सांगते, आणि खरं म्हणजे ती तिथे नव्हती.

तर देवाचे उपकार दिवसभर. पण माणसांचे? तिथे प्रेमिलाबाईंची जीभ टाळूला चिकटते. एकट्या त्यांचीच नव्हे, अख्ख्या गल्लीची. भाजीवाल्यानं मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर हो, फुकट टाकली तर "एवढुसाच?" म्हणायचं; ते आभार. पाहुण्यानं मिठाई आणली तर "हे काहून आणलं?" म्हणून रागवायचं, तेही आभार. थँक्यू म्हणायचं ते फक्त बँकेतल्या साहेबाला. घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो कपाळाला हात लावून ताप पाहतो.

आणि पावसाळ्याच्या शेवटी गुंजनला खरोखरच ताप आला.

डेंग्यू निघाला. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात तिला भरती केलं, आणि पोरीचे प्लेटलेट रोज उतरत गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाता आणा, आजच आणा. ना प्रेमानंदचा रक्तगट जुळला, ना प्रेमिलाबाईंचा. चर्चच्या मंडळीतले दोघे तरुण धावत आले, तर एकाला सर्दी आणि दुसऱ्याचं वजन कमी. प्रेमिलाबाई बाकड्यावर बसून दाराकडे पाहत राहिल्या. त्या दारातून मग आत आला धम्मदीप. शेजारच्या बायजाबाईंचा मुलगा, शाळेत पीटी शिकवणारा. गळ्यात शिट्टी तशीच लटकलेली. मैदानातून निघाला तो थेट इथेच.

"कुठे बसू, काकू?" त्यानं विचारलं, आणि हात मशीनला जोडून घेऊन बराच वेळ पडून राहिला, जणू दुपारची वामकुक्षीच.

मागोमाग बायजाबाई डबा घेऊन हजर. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. रिटायर झाल्या, पण समोरच्याला चार वर्षांचं पोर समजून बोलायची सवय काही रिटायर झाली नाही. "पोरगी झोपली आहे नं? मंग तू काहून मरून राहिली? तोंड उघड. खाय. चावून खाय." पोरगी घरी येईपर्यंत रोज डबा, रोज दटावणी. प्रेमिलाबाईंनी रोज तोंड उघडलं आणि घास घेतला. शब्द मात्र एकही बाहेर पडला नाही.

पोरगी घरी आली, खाऊ लागली, चिडवू लागली. प्रेमिलाबाईंच्या घशात मात्र तो न बोललेला शब्द भिजलेल्या हरभऱ्यासारखा फुगत राहिला. धम्मदीप सकाळी बाइक काढताना दिसायचा. "काय म्हणते खेळाडू?" तो गुंजनबद्दल विचारायचा. प्रेमिलाबाई पुढे व्हायच्या, पदर सावरायच्या, म्हणायच्या, "धम्मदीप..." तोवर फट्फट्फट्, आणि गल्लीच्या तोंडाशी फक्त धूर.

शेवटी त्यांनी ठरवलं. रविवारी संध्याकाळी घरी आभाराची प्रार्थना ठेवायची. पाळकसाहेब, महिला मंडळ, सगळे येतील. आणि पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून, बायजाबाई आणि धम्मदीप बसतील. "ते दोघं नाही आले तर मंडळीले नुसता रस्सा खाऊ घालाले बोलावलं काय मी?" त्या प्रेमानंदला म्हणाल्या.

"येऊन जातील," प्रेमानंद म्हणाला. त्याच्या मानानं हा बदल मोठाच होता.

गुरुवारी महिला मंडळाची सभा होती. मंडळाच्या सेक्रेटरी करिष्मा मॅडम. मॅडम घरी चांगलं "मले-तुले" बोलतात, पण प्रार्थनेला उभ्या राहिल्या की त्यांची मराठी इस्त्रीची साडी नेसते. "प्रिय भगिनींनोऽ," त्या डोळे अर्धे मिटून म्हणाल्या, "देव ज्यांच्या हस्ते आपणांवर दया करितो, त्यांचेही उपकार आपण मानावेत. अंतःकरणाने तर मानावेतच, परंतु मुखानेही मानावेत. मु-खा-ने." दुसऱ्यांदा "मुखाने" म्हणताना त्यांनी डोळे उघडले, आणि ते नेमके प्रेमिलाबाईंवर उघडले.

झालं! प्रेमिलाबाई ऑटोत बसल्या त्या पाठांतर करतच. आधी हळू, "बाई, तुमचे उपकार झाले." छे, हे तर शोकसभेतल्यासारखं. मग भरभर, "बाईतुमचेउपकारझाले." हे तर गाडी सुटत असल्यासारखं. मग करिष्मा मॅडमसारखं, मान तिरपी करून, एकेक शब्द तोलून, "बा-ई, तुमचे लई मो-ठे उपकाऽर झाले आमच्यावर!"

"क्या बोला मॅडम?" ऑटोवाल्यानं मान वळवली.

"तुमाले नाही भाऊ. तुम्ही समोर पाहा."

तिसरी चाल त्यांना पसंत पडली. तीच पक्की केली.

आता इकडे गल्लीत काय झालं होतं ते प्रेमिलाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. मधल्या वेळात प्रेमानंदनं गच्चीवर गिऱ्हाइकाचा एक जुना कूलर धुवायला काढला. टाकी उलटी केली. उन्हाळ्यापासूनचं काळं पाणी, कुजका पेंढा, मेलेली झुरळं, सगळं पन्हाळीतून सरळ शेजारच्या अंगणात. तिथे बाजेवर, स्वच्छ लुगड्यावर, बायजाबाईंच्या मुगवड्या वाळत होत्या. सकाळपासून एकसारख्या, टोकदार, नाकासमोर ओळीत घातलेल्या.

"अवं माय वं!" बायजाबाई बाहेर आल्या आणि गच्चीकडे पाहून गरजल्या, "प्रेमानंद! हे काय केलं गा?"

प्रेमानंद वरून वाकून पाहत म्हणाला, "होऊन जाईल, बाई."

"काय होऊन जाईल? लगदा होऊन गेला!"

मग जे काही झालं त्यात बायजाबाई एकट्याच बोलल्या, आणि भाजीचा ठेला थांबवून सगळ्या गल्लीनं ऐकलं. कूलरपासून सुरुवात होऊन प्रेमानंदच्या सुस्तपणापर्यंत सगळं आलं. शेवटी त्यांनी परातीत तो काळा लगदा गोळा केला आणि फेकायला म्हणून बाहेर निघाल्या.

नेमका त्याच वेळी ऑटो थांबला.

प्रेमिलाबाई उतरल्या. समोर बायजाबाई, हातात परात. आजूबाजूला चार बायका, भाजीवाला, ऑटोवाला. करिष्मा मॅडमचा "मुखाने" अजून कानात घुमत होता. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, मान तिरपी केली आणि पक्क्या केलेल्या चालीत खणखणीत म्हटलं,

"बा-ई! तुमचे लई मो-ठे उपकाऽर झाले आमच्यावर!"

भाजीवाल्याच्या हातातलं वजन हातातच राहिलं.

बायजाबाईंनी परातीकडे पाहिलं, मग प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. "असं?" त्या म्हणाल्या.

"हो बाई! एवढं कोणी करते काय? चार लोकाइसमोर सांगते मी."

"सांग. माइक आणू काय तुले?"

आणि त्या वळून आत गेल्या. दार लागलं.

प्रेमिलाबाई तरंगतच घरात आल्या. "पाह्यलं काय गुंजन? लाजल्या वं बाई! बोलताच आलं नाही त्याइले." प्रेमानंदनं त्या वेळी स्क्रू पिळायचा पेचकस शोधायला पलंगाखाली डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाई अंगणात गेल्या. रोजची रीत अशी की त्यांनी म्हणायचं, "जयभीम, बाई!" आणि बायजाबाईंनी म्हणायचं, "सलाम वं, प्रेमिला!" ख्रिस्ती घरातला सलाम बायजाबाईंकडे, बौद्ध घरातला जयभीम प्रेमिलाबाईंकडे, असा दोघींनी एकमेकींचा नमस्कार वाटून घेतला होता, त्यालाही आता वर्षं झाली. त्या दिवशी "जयभीम, बाई" भिंतीवरून गेलं आणि परत काही आलं नाही. झाडूचा आवाज तेवढा जोरात आला.

"ऐकू नसन आलं," प्रेमिलाबाईंनी स्वतःची समजूत घातली, आणि शेवयांची खीर करून डबा पाठवला. घटकाभरात डबा परत आला. रिकामा. धुतलेला, पुसलेला, झाकण लावलेला, आणि रिकामा.

प्रेमिलाबाई त्या डब्यात पाहतच राहिल्या. या भिंतीवरून आजवर भांडं रिकामं गेलं नव्हतं की आलं नव्हतं. काही नसलं तर चार दाणे साखरेचे, एखादी मिरची, कढीपत्त्याची काडी. बायजाबाईंच्या घरी सुतक होतं तेव्हाही डब्यातून एक लिंबू आलं होतं.

"गुंजन," त्यांचा आवाज उतरला, "मी काय चुकली वं?"

गुंजन अंथरुणात उठून बसली. "आई, तू काल बाईले म्हटलं ते पुन्हा म्हण."

प्रेमिलाबाईंनी म्हटलं. त्याच चालीत, मान तिरपी करून.

"आता मी म्हणते, तू ऐक. समज, मी कॉलेजमधून आली आणि तू माही स्कूटी घेऊन गेली, पंक्चर करून आणली. मंग मी तुले म्हटलं," आणि तिनं मान तिरपी केली, "आ-ई! तुझे लई मो-ठे उपकाऽर झाले माह्यावर!"

प्रेमिलाबाईंचा हात तोंडावर गेला. चाल तीच, मान तीच, शब्द तेच. आणि टोमणा असा की कानाखाली बसावा.

"पण मी काहून टोमणा मारू त्याइले? त्याइनं केलं काय?"

गुंजननं बापाकडे पाहिलं. बाप पेचकसाकडे पाहत होता.

"अहो?"

"ते... थोडं पाणी गेलं होतं. बाईच्या वड्याइवर."

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हंजे?"

"टाकीभर," प्रेमानंद म्हणाला.

त्या दिवशी गल्लीनं एकदाही "उपकार रे देवा" ऐकलं नाही. नळ आला, गेला. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. प्रेमिलाबाईंच्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. परवा रविवार. घरभर माणसं, पेटी वाजतेय, पाळकसाहेब प्रार्थना करताहेत, आणि भिंतीजवळच्या दोन जागा रिकाम्या. ज्यांच्यामुळे पोरगी समोर बसली आहे, त्यांनाच चारचौघांत घालूनपाडून बोललेली बाई देवापुढे उभी राहून कुठल्या तोंडानं आभार मानणार?

शनिवारी सकाळी त्या उठल्या आणि बायजाबाईंच्या मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पुढच्या दारानं पाहुणे जातात, भांडायला आलेले जातात. मागच्या दारानं आलेल्याला बाहेर काढता येत नाही.

बायजाबाई पाट्यासमोर बसल्या होत्या. बाजूला भिजवलेली मुगाची डाळ. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ये बाप्पा, ये. अजून कोणते उपकार राहिले काय माहे?"

"बाई, मले ते पाण्याचं माईतच नव्हतं! बायबिलाची... आपलं, प्रभूची शपथ घ्यायची नसते आमच्यात, नाही तर घेतली असती. मी धम्मदीपच्या रक्ताचं म्हणून राहिली होती. गुंजनच्या वेळचं. डब्याचं."

पाट्यावरचा वरवंटा थांबला.

"रक्ताचं?"

"हो!"

"मंग तसं सांगाचं ना! अशी मान काहून वाकडी केली होती?"

"ते करिष्मा मॅडम तशी करतात."

बायजाबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर बसवला. "आणि काय वं, उपकार? उपकार मोठे लोक करतात लहानाइवर, मंग जन्मभर त्याची आठवण देत राहतात. आम्ही लई पाह्यले तसे उपकार. माह्या पोरानं रक्त दिलं तुह्या पोरीले. पोरगी माह्याच अंगणवाडीत शिकली, माह्याच मांडीवर मुतली. त्याच्यात उपकार कुठून आला?"

"मंग मी काय म्हणू, बाई?" प्रेमिलाबाईंचे डोळे भरून आले. "आमच्या चर्चमध्ये हाच शब्द आहे. मोठ्यात मोठा. देवाले म्हणतो तो. माह्यापाशी याच्याहून मोठा नव्हता, म्हणून तुमाले तो म्हटला."

बायजाबाईंनी पाट्यापासून बाजूला सरकून जागा केली.

"हात धुतले काय?"

"हो."

"मंग वाट. मिक्सरमध्ये काढू नको, डाळीचं पाणी होते. जाडसर ठेव. आणि रडू नको त्याच्यात, मीठ घातलं आहे मी."

दोघींनी डाळ वाटली, लसूण-मिरची घातली. बाज उन्हात ओढली. तीन बोटांत पीठ धरून टोकदार वडी सोडायची ती बायजाबाईंची सुटायची आणि प्रेमिलाबाईंची बसायची. "हे काय घातलं? शेणाची गोवरी काय?" "आणि तुम्ही काय, नाकं काढून राहिल्या?" गच्चीवरून प्रेमानंद डोकावला. दोघींनी एकदमच वर पाहिलं. तो डोकं आत घेऊन गेला.

"उद्या येता ना, बाई?" निघताना प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"पाहीन," बायजाबाई म्हणाल्या. "धम्मदीपची मॅच असते." यातून हो काढावा की नाही, हे प्रेमिलाबाईंना रात्रभर कळलं नाही.

रविवारी संध्याकाळी घर भरलं. पाळकसाहेब आले, पेटी आली, महिला मंडळ आलं. गुंजनला नवा कुर्ता घालून मधोमध बसवलं होतं, आणि जो तो तिचे गाल पाहून "भरून आली हो!" म्हणत होता. एक गाणं झालं. दुसरं झालं. भिंतीजवळच्या जागेवर प्रेमिलाबाईंनी उशी ठेवून दिली होती. तिथे कोणी बसायला लागलं की त्या "तिथं ओल आहे" म्हणायच्या. करिष्मा मॅडमनी दोनदा "कुठे ओल?" म्हणून हात लावून पाहिला.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर दारात चपला वाजल्या. बायजाबाई पांढऱ्या पातळात, मागे धम्मदीप, घामेजलेला, एक गुडघा धरून लंगडत. बायजाबाई सरळ येऊन भिंतीशी बसल्या आणि उशी कमरेमागे घेतली. प्रेमिलाबाईंचा सूर गाण्यात इतका वर चढला की पेटीवाला गोंधळला.

"आता," करिष्मा मॅडम मान तिरपी करून म्हणाल्या, "आपल्या भगिनी प्रेमिलाताई आपणांपुढे साक्ष देतील व देवाचे उपकार मानितील."

प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या. "प्रिय भगिनींनो..." त्या म्हणाल्या आणि पुढचं सगळं विसरल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि भाजीवाल्याशी बोलतात तशा बोलायला लागल्या.

"देवा, तुले सगळं माईतच आहे. पोरगी पडून होती तवा मी दरवाजाकडे पाहून राहिली होती. मले वाटलं, तू कोणी मोठा डॉक्टर पाठवशील. तर गळ्यात शिट्टी घालून धम्मदीप आला. मी त्याले पाणीही विचारलं नाही. त्याच्या मायनं मले घास घालून घालून जितं ठेवलं, आणि मी तिले गल्लीत टोमणा मारला. माहा नव्हता तो टोमणा, तसा निघाला. तर मी आता त्याइचं काही मानत नाही, त्याइनं नको म्हणून सांगतलं. तुहे मानते. असा शेजार दिला म्हणून तुहे मानते. तू त्याइच्याकडे पाहत राहजो. धम्मदीपचा गुडघा बरा करजो. आणि..."

त्या अडखळल्या. तेवढ्यात भिंतीकडून, डोळे न मिटता, अंगणवाडीच्या आवाजात बायजाबाई म्हणाल्या,

"मी काही मागत नाही बाप्पा, आमच्यात ते नाही. पण तू मागूनच राहिली आहे तर उद्याचं ऊन मागून घे. वड्या अजून आतून ओल्या आहेत."

करिष्मा मॅडमचे दोन्ही डोळे पूर्ण उघडले. गुंजननं तोंडात ओढणी कोंबली. पाळकसाहेब खाली मान घालून हलू लागले, ते प्रार्थनेनं की हसण्यानं, कळेना.

"आणि उद्या चांगलं कडक ऊन पाड, देवा," प्रेमिलाबाई पूर्ण गांभीर्यानं म्हणाल्या. "दोघींच्याही मेहनतीच्या आहेत."

"आमेन!" घर दणाणलं. सगळ्यांत खणखणीत धम्मदीपचं; मैदानाचा आवाज तो, त्याला हळू येतच नाही. बायजाबाई मात्र आमेनच्या जागी "हो, बरोबर आहे" म्हणून, पदर खोचून, रश्श्यात मीठ पाहायला प्रेमिलाबाईंच्या आधी स्वयंपाकघरात गेल्या.